किल्लेदारांचा नियम

नव्या इंजिनीअरने किल्लेदारांच्या खुर्चीत बसून एक ओळ टाइप केली, एन्टर दाबलं आणि विचारलं, "अजून काय बदलायचंय, काका?"

एवढ्यानेच सगळं संपलं होतं. आता दैनिकाच्या कचेरीत कुणीही आपला पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला जोडून उघडू शकत होतं. आजवर ते काम कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एकट्या किल्लेदारांचं. पेनड्राइव्ह खोचला की यंत्र पासवर्ड मागायचं, आणि पासवर्ड किल्लेदारांच्या डोक्यात. मग संपादकसुद्धा टेबलापाशी येऊन "जरा येता का?" म्हणायचे. किल्लेदार जरा थांबून उठायचे. लगेच उठलं की माणसाची किंमत राहत नाही. किल्लेदार हे नाव लोकांनी त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

एका बातमीदाराने खिशातला पेनड्राइव्ह काढून खोचला. उघडला. काढून पुन्हा खोचला. पुन्हा उघडला.

"अरे वा, हा तर माणसाळला," तो म्हणाला.

दोघंतिघं हसले. किल्लेदारही हसले. महिनाअखेरीला निवृत्त होणाऱ्या माणसाने हसतमुख असावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"ही सोय नवीन आली का गं?" पलीकडे उद्याच्या अंकाची पानं लावत बसलेल्या ताईंनी विचारलं.

"नवीन कसली? पहिल्यापासून असतेच," इंजिनीअर सहज म्हणाली. "मुद्दाम बंद करावी लागते."

हसणं थांबलं. किल्लेदारांनी घसा साफ केला. "सुरक्षा नावाची काही गोष्ट असते. एखादा व्हायरस शिरला तर अंक निघायचा नाही."

"ती तपासणी आपोआप होते की, काका. तुम्हीच तर बसवलीय. छान बसवलीय."

ताईंनी माऊस सोडला.

गेल्या वर्षी त्यांचे वडील गेले, तेव्हा निधनवार्तेचं पान लावायला त्या स्वतः येऊन बसल्या होत्या. फोटो स्टुडिओतून पेनड्राइव्हवर आला होता आणि किल्लेदार लग्नाला गेले होते. ताईंनी फोन केला, तर बँडच्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले होते, "नियम म्हणजे नियम, ताई. पासवर्ड फोनवर सांगता येत नाही. सकाळी आलो की लावून देतो." सकाळी अंक घरोघरी पोचला होता. फोटो येईल म्हणून ताईंनी त्याची चौकट शेवटपर्यंत मोडली नव्हती. वडिलांच्या नावाच्या वर ती तशीच पांढरी छापून आली.

किल्लेदारांना हे आता आठवलं. आठवलं म्हणजे, विसरले ते कधीच नव्हते. पण आजवर ते सगळं नियमाच्या खात्यावर ढकललेलं होतं. नियम एका ओळीत गेला, आणि मागे ते एकटेच उरले.

ताई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणात किल्लेदार कुणाला ऐकणारे नव्हते.

"त्या दिवशी तुम्ही लग्नाला होतात ना?" ताईंनी विचारलं.

"हो. मेहुण्याच्या मुलीच्या."

"जेवण तरी चांगलं होतं का?"

जेवण फार चांगलं होतं. फोन ठेवून ते दुसऱ्यांदा वाढून घ्यायला गेले होते.

"हो," किल्लेदार म्हणाले.