नाजूक कॅरियर

“हे लयच जड दिसते बाई. जरा नाजूक दाखवा न.”

गिऱ्हाइकानं असं म्हटलं आणि कोकिळाच्या हातातला पाना जागीच थांबला. तिनं वर पाहिलं. भागवतच होता. पोट सुटलेलं, गॉगल डोक्यावर, पण तोच.

बावीस वर्षांपूर्वी तो तिला पाहायला धामणगाव बढेला आला होता. पोह्यांच्या बशा देऊन ती उभी होती, तेव्हा याच्या मायनं, सत्यभामाबाईनं, तोंडावर सांगितलं होतं, “पोरगी हाडापेरानं जड हाय. आमच्या भागवतले नाजूक पाह्यजे.” भागवत पोहे खात होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. निघताना बाईनं हात जोडले, “आमी विचार करून कळवतो.”

आता कळवतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही समजतं. पण कोकिळाचे वडील हिंमतराव दिल्या शब्दाला शब्द समजणारे. चार महिने ते शेजाऱ्याच्या फोनजवळ जाऊन बसले. साखरखेर्ड्याचं चांगलं चालून आलेलं स्थळ त्यांनी ‘एका ठिकाणी बोलणं चालू हाय’ म्हणून परत पाठवलं. भागवतचं लग्न उरकल्याचं त्यांना कळलं, तेही पंगतीत जेवून आलेल्या माणसाकडून. पुढं गाव बोलायचं ते बोललं. ‘पोरीतच काही असंल.’ स्थळं यायची बंद झाली. कोकिळानं आयटीआयला वेल्डरचा ट्रेड घेतला आणि चिखलीत रोडला लागून शेड टाकलं. हिंमतराव त्या दिवसाबद्दल पुन्हा अवाक्षर बोलले नाहीत. आताही ते शेडच्या कोपऱ्यात नटबोल्ट निवडत बसले होते. मोतीबिंदूनं त्यांना हातभरापलीकडचा माणूस ओळखू येत नव्हता.

भागवतनं तिला ओळखलं नव्हतं. ओळखायला आधी पाहावं लागतं!

“दोन इलेक्ट्रिक सायकली हायेत,” तो सांगू लागला. “माही अन् मिसेसची. रविवारी लोणारले न्याच्या हायेत. अख्ख्या ग्रुपले सांगून बसलो. गाडीच्या मागं लावाचं कॅरियर इथंच भेटते म्हणे.”

“एकीचं वजन?”

“बॅटरीसकट तीस किलो.”

भिंतीवर एक चकचकीत कॅरियर टांगलेलं होतं. बारीक नळ्यांचं, पट्ट्यांनी डिकीला बांधायचं. साध्या सायकलींना ठीक. साठ किलो त्याच्यावर टांगले तर मेहकर यायच्या आत पट्टे तुटणार. भागवतचं बोट नेमकं तिकडंच गेलं. “हे पाहा! कसं नाजूक हाय.”

घे बाबा, कोकिळा मनात म्हणाली. घे नाजूक. आपटू दे तुझ्या सायकली, फुटू दे बॅटऱ्या, हसू दे तुझा ग्रुप. तिनं कॅरियर खाली काढलं. त्याच्या गाडीला लावून पहिला पट्टा आवळला. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात त्या गाडीच्या अगदी मागून एक बाई स्कूटीवर गेली. पुढं पाय ठेवायच्या जागेत तिचं पोर उभं होतं. कोकिळाचा हात थांबला. मागून येणाऱ्यानं काय घोडं मारलं होतं तिचं? तिनं पट्टा सोडला.

“हे नाही पेलणार,” ती म्हणाली. “खाली चासीला बोल्ट करून बसवाचं, ते पाह्यजे. सायकलीची चाकं त्याच्या पट्टीत बसतात. दिसाले जड, पण भार तेच पेलते. मले बनवून द्या लागन.”

बावीस वर्षं जपलेला राग असा पाण्यात गेला. तिला रडूच येत होतं.

“बरं, जड तर जड,” भागवत नाइलाजानं म्हणाला. “शनिवारी द्या पण. दुसरीकडं कुठं बनत नाही म्हणते.”

कोकिळानं माप घ्यायला टेप काढला. तोच हिंमतराव कोपऱ्यातून उठले. डोळे गेले होते, कान शाबूत होते. त्यांनी लेकीच्या हातातून टेप काढून घेतला, खिशात टाकला. भागवतच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गाडीच्या दारापर्यंत नेलं. दार स्वतः उघडून दिलं आणि हात जोडले.

“आमी विचार करून कळवतो.”

“अहो काका, रविवारी जाचं हाय! कव्हा कळवसान?”

“सत्यभामाबाईचा निरोप आला, का लगेच.”