अंधुक ठिपका

निवृत्त मास्तर आप्पांना मोतीबिंदूमुळे दुर्बिणीतलं काही दिसेना, तेव्हापासून त्यांची विधवा सून सोजर दिवेलागणीनंतर घराच्या माळवदावर एकटी जाऊन दुर्बिणीतून आकाश बघायची आणि खाली येऊन त्यांना सांगायची. ताऱ्यांमधून रोज जरासा सरकणारा एक अंधुक ठिपका तिनंच हेरला. लघुग्रह! आप्पांना एवढा आनंद झाला, की तो आपणच पाहिला असं ते सोलापूरभर सांगत सुटले. सोजरला त्याचंही वाईट वाटलं नाही.

पण अंधारात माळवदावर उभी राहणारी विधवा गल्लीला खुपली. भाऊबंद येऊन बसले.

"वर जाऊन कुणाला खुणा करती ही?"

"आप्पा, मी काय बघती ते तुमी सांगा की," सोजर म्हणाली.

ते सांगितलं, तर लघुग्रह कुणी पाहिला हेही बाहेर आलं असतं. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी तिला कायमचं माहेरी धाडलं.

पुढं लघुग्रह शोधल्याबद्दल आप्पांचा सत्कार ठरला, तेव्हा रात्री तीच माणसं अंगणात जमली. कुणीतरी म्हणालं, "आमालाबी दाखवा की तो लघुग्रह."

आप्पांनी अंगणात आणून ठेवलेल्या दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ चाचपडले, आणि सवयीनं हाक मारली,

"सोजर, आज कुटं सरकलाय गं?"