डुमसवरची हाक

भजीवाल्यानं टोमॅटोच्या भज्यांची डिश पुढं केली. कलाबाईनं ती प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांनी घेतली आणि नुसती धरून उभी राहिली.

"खा ना आई," जावई म्हणाला. "सुरतेत येऊन डुमसची भजी नाही खाल्ली, तर आलात कशाला?"

कशाला आलो, हे कलाबाईलाही ठाऊक नव्हतं. नवरा गेला, दिवसकार्य झालं, गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले, आणि लेक म्हणाली, चल माय सुरतला, तेवढंच मन रमेल. कलाबाई पिशवी घेऊन गाडीत बसली. ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं, असंच चाललं होतं तिचं.

तिनं एक भजं तोंडात टाकलं. आतला टोमॅटो जीभ भाजेल इतका गरम होता. तिनं तो चावला आणि गिळला.

विकासचं मात्र कौतुक करायला हवं. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधून सुट्टी टाकून तो सासूला सुरत दाखवत होता. काल तापीवरचा पूल दाखवला, सकाळी लोचो खाऊ घातला, आता समुद्र. समुद्रानं ऐन वेळी दगा दिला, ओहोटी होती. काळी ओली वाळू आणि लांब कुठं तरी मातकट पाणी. मग विकासनं विचारलं, उंटावर बसता का? ती "बसते" म्हणाली आणि बसली. उंट उठला, फिरून आला, खाली बसला. ती उतरली.

"कसं वाटलं, आई?"

"चांगलं वाटलं."

रुपालीचं लक्ष ना उंटाकडे होतं ना भज्यांकडे. ती आईचे डोळे बघत होती. बाप गेला त्या दिवसापासून त्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गावातल्या बायका गळ्यात पडून रडल्या, तर कलाबाईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली, जसा काही नवरा त्यांचाच गेला होता. 'दगड शे बाई,' असं मागं बोलूनही झालं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? रुपालीला त्याचं काही नव्हतं. चुलतीनं कानात सांगितलेलं तिला भिववत होतं: रडनी नही तं येडी व्हई जाई तुनी माय.

"वहिनी वंऽऽ!"

वाळू तुडवत एक बाई धावत येत होती. लीला. कलाबाईच्या सासरगावची लेक, हल्ली इथंच सुरतेत, लिंबायतला राहणारी. सून-नातवंडांना घेऊन फिरायला आली होती. शालिग्राम गेल्याचं कळल्यापासून तिची आणि कलाबाईची भेट झाली नव्हती, आणि पहिल्या भेटीत रडायचं असतं. मग ते घराचं अंगण असो नाही तर डुमसचा किनारा. लीलानं हातातलं कणीस सुनेकडे दिलं, कलाबाईच्या गळ्यात पडली आणि हेल काढला.

"शालिग्राम भाऊ रेऽऽ, मना राजा भाऊ रेऽऽ, कोठे गया रे तू..."

उंटवाला थबकला. फोटो काढणाऱ्या पोरी वळून बघायला लागल्या. विकासला कुठं तोंड लपवू असं झालं, त्यानं भजीवाल्याशी गुजरातीत उगाच काही तरी बोलणं काढलं. कलाबाईनं एका हातानं डिश बाजूला उंच धरली होती, सांडू नये म्हणून. दुसरा हात लीलाच्या पाठीवरून फिरत होता. लीला खोटं रडत नव्हती. सख्खा नसला तरी तिचा तो भाऊच होता.

हेल ओसरला. लीला नाक पुसत असताना कलाबाईनं हळूच विचारलं, "लीला, तू कशी रडस वं?"

"म्हंजे?"

"माले येतच नही. ते ग्यात, इतलं समजस. बाकी काहीच नही. माले शिकाड ना."

रुपालीनं तोंड फिरवलं. तिला आईचं रडणं हवं होतं आणि रडू तिलाच फुटलं.

लोणच्यात मीठ किती घालू, असं कुणी विचारावं आणि आपण नीट आठवून सांगावं, तशी लीला विचारात पडली. मग म्हणाली, "नाव लिसनी हाक मार. मी तशीच करस. नाव तोंडमा उनं का मानूस डोयासमोर उभा ऱ्हास."

"मी कसं लिऊ त्यासनं नाव?"

तेही खरंच. लीला गावाची लेक, कलाबाई गावाची सून. लग्नातला उखाणा सोडला तर तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तर शेजारणीला पुढं करायची. शेतातून बोलावून आणायचं असलं की पोरीला धाडायची. सगळा संसार तिनं असाच बिननावाचा केला.

"आते काय त्यानं?" लीला म्हणाली. "ले."

कलाबाईनं डिश लेकीच्या हातात दिली आणि पाण्याकडे तोंड केलं. बराच वेळ नुसते ओठ हलत राहिले.

"शालिग्राम."

हेल नाही, काही नाही. ताट वाढलंय, या, असं सांगावं तितक्याच आवाजात.

आणि लगेच तिनं जीभ चावली, पदर पार कपाळापर्यंत ओढला आणि दचकून मागं बघितलं. मागं उंटवाला होता, भजीवाला होता, जावई होता. ते नव्हते.

"रुपाली," ती पदराआडून म्हणाली, "त्यासनी आयकं व्हई का वं?"