बाबांचा तक्ता

"अजून वर. अजून जरा... हां, थांब!"

तिने सिंथेसायझरच्या बटणावरचा हात काढला. काळ्या पट्टीचा सूर जागेवर आला, म्हणजे बाबांच्या जागेवर.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावून दिले आणि शेवटी त्यांचेच कान बिघडले. प्रत्येक सूर त्यांना सरकलेला ऐकू येई, कुठला वर, कुठला खाली. या यंत्रात मात्र एकेका पट्टीचा सूर हवा तसा सरकवून त्याचा तक्ता साठवता येत होता. म्हणून लेकीने त्यांच्या कानांच्या मापाचा तक्ता करायला घेतला होता. जगाला बेसूर, बाबांना सुरेल. तिच्या नवऱ्याने त्याचं नाव 'मांजरांचं भांडण' ठेवलं होतं. आत्ताही तो स्वयंपाकघराचं दार लोटून भांडी घासत होता.

शेवटची पट्टी लागली. तिने सवयीने दात आवळले आणि बाबांची आवडती धून वाजवली.

गोड वाजली.

तक्ता लागलाच नसणार! तिने पडद्यावर पाहिलं. 'बाबा' असंच लिहिलेलं होतं. तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, तक्ता नव्याने लावला, धून वाजवली. पुन्हा गोड.

"झकास जमलंय," बाबा मान डोलवत म्हणाले.

मग तिने तक्ता काढला आणि यंत्राचे मूळचे सूर लावून तीच धून वाजवली. दुसऱ्याच सुराला तिचे दात आंबले.

"हां, आता कसं माणसांचं वाजतंय!" आतून नवरा ओरडला.

उद्या दहाला रेकॉर्डिंग होतं, आणि गाण्याशिवाय दुसरं काही तिला येत नव्हतं. गेल्या खेपेला रेकॉर्डिस्ट तीनदा "परत घेऊ या" म्हणाला, तेव्हा तिने खुशाल माइकवर खापर फोडलं होतं. बाबांच्या कानांचं हे दुखणं मुलांत उतरू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तेही तिने हसण्यावारी नेलं होतं.

एकदा खात्री करून घेऊ, इतकंच, असं मनाला बजावत ती तीच धून गायला लागली. एकही सूर तिला हललेला वाटला नाही.

एरवी ती गायला लागली की बाबा पाण्याचं निमित्त करून उठायचे. लेकीचं मन कशाला मोडा! आज ते उठले नाहीत.

आत नळ बंद झाला. नवरा ओल्या हातांनी दारात येऊन उभा राहिला आणि या वेळी त्याने थट्टा केली नाही.

बाबांनी डोळे पुसले.

"किती वर्षांनी सुरात गातेयस गं, पोरी!"