चार नंबरच्या टेबलाची ऑर्डर

“तुमच्याकडे असं काय मिळेल, ज्यात दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मध नाही आणि मांस-मासे तर नाहीतच नाहीत?”

एका दमात विचारून मुलीने मैत्रिणींकडे पाहिलं. पैज जिंकली! चष्मिश आणि पिंगी तीन दिवस तिच्या मागे लागल्या होत्या. व्हीगन झाले, व्हीगन झाले म्हणून शाळाभर सांगत सुटतेस ना, मग त्या हॉटेलात विचारून दाखव की! आणि आता तिचं ‘तुमच्याकडे’ ऐकून दोघी फिसकन हसल्या.

ऑर्डर घ्यायला आलेल्या बाईंचं पेन वहीवरच थांबलं.

“म्हणजे सूप नको?”

“त्यात साय असते.”

“पाव?”

“वरून लोणी फासलेलं असतं.”

मेनूकार्ड तिने उघडलंसुद्धा नव्हतं.

बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. “अहो, सॅलडमध्ये मध घालता का?”

“मग! त्याशिवाय चव कुठली?” आतून आचारी ओरडला.

“भाज्या?”

“लोण्यात परततो.”

“तळलेले बटाटे?”

“त्याच कढईत मासे तळतो. कोण आलंय एवढं?”

“चार नंबरचं टेबल.”

आत झारा वाजायचा थांबला. घामेजलेला चेहरा खिडकीत आला, मुलीकडे बघत राहिला आणि परत आत गेला.

टेबल डुगडुगत होतं. मुलीने कागदी रुमालाची घडी केली आणि खाली न बघताच बरोबर डाव्या पायाखाली सरकवली.

“कधीपासून चाललंय हे?” परत आलेल्या बाईंनी विचारलं.

“बावीस दिवस.”

“मग खातेस काय?”

“केळी. शेंगदाणे.”

“म्हणून तर काल खेळाच्या तासाला चक्कर आली हिला,” चष्मिश बोलून गेली. टेबलाखालून तिला सणसणीत लाथ बसली.

“आणि घरचा डबा?”

“तो आम्ही फस्त करतो,” पिंगी म्हणाली. “कसला भारी असतो! लोण्याचा नुसता घमघमाट.”

मुलीच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलं होतं, बाई तिकडे बघत राहिल्या.

वीस मिनिटांनी आचारी स्वतःच प्लेट घेऊन बाहेर आला. उकडलेल्या बटाट्यांतून वाफा निघत होत्या, वर मीठ आणि मिरपूड.

“लोण्याचा थेंब नाही,” तो छाती फुगवून म्हणाला. “खा पोटभर.”

मुलगी अक्षरशः तुटून पडली. अर्धी प्लेट संपल्यावर तिने श्वास घेतला.

“कसले झालेत! नुसत्या पाण्यात एवढी चव?”

आचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

“नुसतं पाणी नाही... सुपासाठी हाडांचं पाणी उकळत असतं ना, त्यात उकडले. नेहमी त्यातच टाकतो. हाताची सवय. लक्षातच आलं नाही.”

काटा खाली ठेवला गेला. पिंगीसुद्धा हसली नाही. मुलीला ओरडायचं होतं, पण आचारी हातातल्या फडक्याला नुसता पीळ घालत उभा होता.

“वीस वर्षं हेच शिजवतोय,” तो म्हणाला. “दुसरं येतच नाही गं मला.”

“पण उपाशी कशी जाऊ द्यायची हिला?” बाईंनी त्याला विचारलं.

मुलगी उठली. ‘आत येऊ नये’ अशी पाटी असलेलं दार ढकलून सरळ स्वयंपाकघरात गेली. कुणीही अडवलं नाही. तिने हात धुतले, खुंटीवरचा एप्रन बांधला, एक रिकामं पातेलं घासून नळाखाली धरलं. मग भरलेलं पातेलं शेगडीवर ठेवून ती दाराकडे वळली.

“आई, बाबा,” ती म्हणाली, “उद्यापासून ही कोपऱ्यातली शेगडी माझी. आणि माझा डबासुद्धा मीच भरणार.”