डब्यातली वही

गेली तीस वर्षं दर रविवारी बूट चढवताना माझा नवरा लॉकलन विचारतो, "येतेस का गं?" मी म्हणते, "गुडघे दुखतात माझे." मग तो एकटाच मील ऑरनवर जातो. अख्खं स्कॉटलंड पालथं घालणाऱ्यांनाही हा डोंगर ठाऊक नसतो.

काल तिकडून उतरलेली एक पोरगी पाणी मागायला दाराशी आली. माथ्यावरच्या दगडांच्या राशीत एक डबा असतो, त्यातली, चढणाऱ्यांनी नोंदी करायची वही वाचून आली होती; पायथ्याशी घर आमचं एकच. "लॉकलन तुमचेच ना? या वयात दोघं दर रविवारी चढता? कमाल आहे हो!"

मी जन्मात तो डोंगर चढले नव्हते.

आज लॉकलन मेंढ्यांच्या बाजाराला गेला, तशी मी काठी घेऊन निघाले. शिव्या घालत, दहा वेळा बसत वर पोचले आणि वही उघडली. पानोपानी त्याचंच अक्षर. 'आज आम्ही दोघं.' 'धुकं दाट होतं, तिने हात सोडला नाही.' अंगाची नुसती लाही लाही झाली. कोण ही सटवी?

पुढचं पान वाचलं. 'आज हिरवा रुमाल बांधून आली. खाली बघून म्हणाली, आपलं घर काडेपेटीएवढं दिसतंय की!'

मी खाली पाहिलं. काडेपेटीएवढं घर, दोरीवर माझेच कपडे. हात आपोआप डोक्यावरच्या हिरव्या रुमालाकडे गेला.

तरी तिच्यावरचा राग काही जाईना. तीस वर्षांत त्या बाईचे गुडघे एकदाही दुखले नव्हते.