भरधाव अकरा

"हे अकरा काढून टाक," पडद्यावरच्या आलेखाच्या उजव्या टोकाला पेन टेकवत सर म्हणाले. "चारच्या आत लेख जायला हवा."

टोकाला अकरा ठिपके होते. एका अजस्र दीर्घिकेच्या वेशीवरचे, मरणपंथाला लागलेले अकरा तारे. इतक्या दुरून एकटा तारा एरवी दिसत नाही. मरताना मात्र तो हिरव्या उजेडाच्या दोन रेघा देऊन जातो, एक ठळक, एक फिकट, आणि त्या किती सरकल्या त्यावरून त्याचा वेग कळतो. वेशीशी दीर्घिकेची ओढ संपते, म्हणून तिथल्यांनी संथ व्हायला हवं होतं. सरांनी वीस वर्षांपूर्वी तसं लिहिलं होतं, त्यावरच ते मोठे झाले होते. हे अकरा सुसाट निघाले.

"का काढायचे, सर?" त्यांच्या हाताखालच्या संशोधिकेने विचारलं. या ठिपक्यांमागे तिची तीन वर्षं गेली होती.

"उपटसुंभ आहेत म्हणून. मोजणीतली चूक. जगभर काढतात असले ठिपके."

"काढतातच, ताई," शेजारच्या टेबलावरून सहकारी म्हणाला. जड बाजूला झुकायची सवय, म्हणून सगळे त्याला पारडं म्हणत.

"चूक असेल तर काढते," ती म्हणाली. "ही रेघांची तीस पानं. तेवढी नुसत्या डोळ्यांनी तपासून द्या. तुमच्या नजरेपुढे यंत्राचं काय चालतंय!"

नजरेचं कौतुक झालं की सर पाघळत. खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावर सरकवला, लाल पेन उघडलं. प्रत्येक पानावर एक थरथरती रेषा आणि तिच्यात एक उंच सुळका. वेगाचा अंदाज देणारी आकड्यांची पट्टी तिने कात्रीने कापून टाकली होती.

"शिकून घे रे," सर पारड्याला म्हणाले. "आधी थोरली रेघ शोधायची, हा उंच सुळका, मग तिच्या डावीकडे धाकटी. उंची तिसरा हिस्सा. धाकटी नसेल, तर थोरलीही खोटी." पुढचं पान आलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही बघ! कशी बहिणीचा पदर धरून उभी आहे!"

पक्का, त्यांनी लिहिलं. पक्का. एकावर प्रश्नचिन्ह, एकावर फुली. पुन्हा पक्का.

तीस झाली. तिने त्यातली त्या अकरा ताऱ्यांची पानं वेचून टेबलावर मांडली. अकराही पानांवर सरांच्या वळणदार अक्षरात 'पक्का' होतं. मग तिने एकेक पान उलटं केलं. मागे वेग लिहिलेले होते.

सरांनी पहिला आकडा वाचला. दुसरा वाचला. पाचव्यानंतर वाचायचे थांबले.

"फसवलंस मला."

"वेग तेवढा झाकला, सर. तारे तुम्हीच ओळखलेत."

"मग ते आपल्या दीर्घिकेचे नाहीत. बाहेरचे आहेत."

"बाहेरचेच आहेत. लहान लहान दीर्घिका फुटल्या, त्यांची ही पोरकी लेकरं. आता एका कुणाची ओढ नाही त्यांना, हजार दीर्घिकांच्या अख्ख्या समूहाची आहे. म्हणून तर धावतात." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "तुम्ही जिथे सगळं संपतं म्हणालात ना, सर, तिथे त्यांचं रान सुरू होतं."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "तुझ्या मुदतवाढीच्या पत्रावर माझी सही व्हायची आहे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. या महिनाअखेर नोकरी संपते माझी."

"तरी?"

"तरी अकराच्या अकरा राहतील."

"मग त्या लेखावरचं माझं नाव काढ," सर म्हणाले आणि दाराकडे निघाले. या वाक्यापुढे आजवर त्या विभागात कुणी टिकलं नव्हतं. लोक मागून धावत, हातापाया पडत, ठिपके पुसत. दाराशी पोचल्यावर सरांची चाल आपसूक मंदावली.

मागून हाक आली नाही. एक कळ तेवढी वाजत राहिली, टक, टक, टक, सरांच्या नावाचं एकेक अक्षर पुसत.

"तुझं नाव रे?" तिने न वळता पारड्याला विचारलं.

पारड्याने दाराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. "माझं... राहू दे त्यावर, ताई."

सर उंबऱ्यात उभेच होते.

"सर, लेखाखालच्या आभारांत घेते तुम्हाला," ती म्हणाली. "तारे पक्के असल्याचा शेरा तुमच्याच हातचा आहे. तो कसा लपवू?"